विद्यापीठात गावासाठी एक दिवस: छोट्या व्याख्यानांचा कार्यक्रम कसा उभा करायचा

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही विचारा, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे हे तो सांगेल. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण ही पातळी ठरते कशी, राधानगरी धरणाचा दरवाजा उघडल्यावर ती लगेच का वाढत नाही, आपल्या गल्लीत पाणी कधी शिरेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो का, हे नीट समजावून सांगणारे लोक सागरमाळाच्या पलीकडे, शिवाजी विद्यापीठात बसलेले असतात. त्यांचा अभ्यास शोधनिबंधात जातो, आणि तो निबंध चिखलीच्या किंवा आंबेवाडीच्या माणसापर्यंत पोचत नाही.

हे अंतर कमी करायचा एक साधा, स्वस्त आणि करता येण्याजोगा मार्ग म्हणजे वर्षातला एक दिवस विद्यापीठाने आजूबाजूच्या लोकांना द्यायचा. एका दिवसात आठ व्याख्याने, प्रत्येक 15 मिनिटांचे, आणि प्रत्येकानंतर जवळजवळ तेवढाच वेळ प्रश्नांना. महाराष्ट्राला व्याख्यान ऐकायची सवय जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली, पुणे विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ जयकर व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत नेते. त्यात आणि या दिवसात फरक एवढाच, की इथे विषय वक्ता ठरवत नाही, लोक ठरवतात. माझ्या मते सगळा कार्यक्रम या एका गोष्टीवर उभा राहतो किंवा पडतो.

खाली सगळी आखणी कोल्हापूर डोळ्यांपुढे ठेवून दिली आहे. सोलापूर, नांदेड, जळगाव, गडचिरोली, कुठल्याही विद्यापीठाला किंवा मोठ्या महाविद्यालयाला ती स्थानिक विषय बदलून वापरता येईल.

आधी प्रश्न गोळा करा

कार्यक्रमाच्या चार महिने आधी कामाला लागा. पहिला महिना फक्त प्रश्न जमवण्यात घालवायचा. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) विद्यार्थी यासाठी उत्तम, कारण त्यातले बरेचजण आसपासच्या गावांतूनच रोज येतात. प्रत्येकाने आपल्या गावातून दहा प्रश्न आणायचे. 'तुम्हाला कोणत्या विषयावर व्याख्यान आवडेल?' असे मात्र विचारू नये. त्याला 'आरोग्य', 'शेती', 'व्यक्तिमत्त्व विकास' अशी ठोकळेबाज उत्तरे मिळतात. त्याऐवजी विचारा: गेल्या वर्षभरात तुम्हाला कशाचे कोडे पडले? कोणत्या गोष्टीवरून घरात वाद झाला आणि खरे काय ते कळले नाही? कुठल्या कागदावरचा आकडा समजला नाही?

प्रश्न जमवायची जागाही महत्त्वाची. कोल्हापूर जिल्ह्यात गावातला मोठा भाग सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला येतो. तिथे रांगेत उभ्या असलेल्या बाई जे विचारतील ते ग्रामपंचायतीच्या बैठकीत कधीच येणार नाही. तशीच गावची ग्रंथालये, तालमी, बचत गटाची मासिक बैठक, आशा कार्यकर्तींची फेरी, रेशन दुकान. प्रश्न बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्या, त्याचे पुस्तकी भाषांतर करू नका. 'रानात पांढरं फुटलंय, आता काय पिकंल का?' हा प्रश्न असाच लिहिलेला असला तर मृदाशास्त्राच्या प्राध्यापकाला कळते की समोरच्याने काय पाहिले आहे आणि त्याला कशाची भीती आहे.

प्रश्न आले की ते विभागवार लावायचे. एकाच गोष्टीबद्दलचे वीस प्रश्न एका गठ्ठ्यात गेले की विषय आपोआप पुढे येतो.

आठ विषय कसे निवडायचे

कोल्हापूर, सांगली, सातारा हे शिवाजी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र. या तीन जिल्ह्यांतून कसे विषय निघू शकतात, याचा एक नमुना देतो.

पहिला अर्थातच पंचगंगेचा पूर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीपाशी कसे एकत्र येते आणि पाटबंधारे खात्याच्या रोजच्या पत्रकातला कोणता आकडा आपल्या कामाचा, एवढेच. 2019 आणि 2021 ज्यांनी अनुभवले त्यांना महापुराचे वर्णन नको, त्यांना पुढच्या वेळी जनावरे कधी हलवायची ते हवे आहे.

दुसरा उसाचा उतारा. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो उतारा, एफआरपीचा, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायच्याच किमान भावाचा, मूळ दर 10.25 टक्के उताऱ्याशी बांधलेला, आणि त्याच्या वर प्रत्येक 0.1 टक्क्याला जादा पैसे. ज्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न या टक्क्यावर ठरते त्याला तो टक्का कसा मोजतात, तोडणीला उशीर झाला की तो का घसरतो, हे एकदा फळ्यावर मांडून दाखवले पाहिजे. तिसरा शिरोळकडची क्षारपड जमीन: पाणी जास्त आणि निचरा कमी झाला की मीठ वर कसे येते, जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून ते खाली कसे नेता येते.

चौथा साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप आणि भारतात मिळणारी सर्पदंशाची लस या चारांच्या विषावर चालते. चावा झाला तर आवळून बांधायचे नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही, हातपाय न हलवता माणसाला शांत ठेवून थेट दवाखाना गाठायचा. या एका व्याख्यानाने जीव वाचू शकतो, म्हणून ते गर्दीच्या वेळेलाच ठेवा. पाचवा डेंगी: हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायची.

सहावा इतिहासाचा. शाहू महाराजांच्या 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्याचे नाव सगळ्यांनी ऐकले आहे, पण तो वाचलेला माणूस विरळा. करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी ठेवण्याचा तो आदेश पडद्यावर दाखवावा आणि ओळीओळीने समजावून सांगावा. भाषण नको, वाचन हवे. सातवा कोल्हापुरी चप्पल: 2019 मध्ये तिला महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले, 2025 मध्ये इटलीतल्या एका फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्यावर मोठी चर्चा झाली, मग या मानांकनाने कारागिराला नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही? आठवा फोनवरची फसवणूक. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही, आणि पैसे गेले तर लगेच 1930 या मदत क्रमांकाला फोन करायचा, ही दोन वाक्ये घरी घेऊन गेली तरी आजी-आजोबांचे भले होईल.

या यादीत मुद्दाम एक नियम पाळला आहे: प्रत्येक विषयात ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर करण्यासारखे किंवा वाचण्यासारखे काहीतरी हाती लागते. 'नॅनो तंत्रज्ञानाची वाटचाल' असा विषय कुणी सुचवला तर त्याला एवढेच विचारा, की कोणाच्या कोणत्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. उत्तर असेल तर विषय जरूर घ्या. कृष्णविवरासारखा निव्वळ कुतूहलाचा प्रश्न गावातून आला असेल तर तोही तितक्याच मानाने घ्यावा. लोकांना फक्त शेती आणि आजारच कळतात असे समजणे हा त्यांचा अपमान आहे.

तारीख आणि वेळ

28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन मोहात पाडतो, पण फेब्रुवारी-मार्च म्हणजे बारावी-दहावीच्या परीक्षा, आणि ज्या घरात परीक्षा आहे ते घर कुठे जात नाही. जून ते सप्टेंबर पाऊस. नवरात्रात अंबाबाईची गर्दी, चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, मेमध्ये लग्ने आणि उन्हाचा तडाखा. या भागासाठी संक्रांतीनंतरचा जानेवारीतला रविवार सर्वांत सोयीचा वाटतो. ऊसतोड चालू असते हे खरे, पण ज्याच्या रानात त्या दिवशी टोळी नाही तो येऊ शकतो. जवळच्या मोठ्या गावांचे बाजारवार तपासा. निवडणुकीची आचारसंहिता लागू होण्याची शक्यता असेल तर प्रशासनाकडे आधीच विचारणा करा.

वेळ सकाळी 10 ते दुपारी साडेतीन. दहाच्या आधी धारा, स्वयंपाक, पाणी ही कामे आटोपत नाहीत. चारनंतर थांबवले तर पन्हाळा, राधानगरी, कागलकडच्या बायका अंधार पडायच्या भीतीने मधूनच उठतात. सकाळी सव्वादहा ते सव्वाबारा चार व्याख्याने, मग तासभर जेवण आणि आवार पाहणे, सव्वा ते सव्वातीन उरलेली चार. प्रत्येकाला अर्धा तास: 15 मिनिटे बोलणे, 12 मिनिटे प्रश्न, 3 मिनिटे पुढच्याची तयारी. छापील पत्रिकेवर प्रत्येक व्याख्यानाची वेळ लिहा आणि ती मिनिटाने पाळा. ज्याला फक्त सापावरचे ऐकायचे आहे तो त्या वेळेला येईल, ऐकेल आणि जाईल. त्याला जाऊ द्या. दिवसभर बसलाच पाहिजे अशी अपेक्षा ठेवली की तो पुढच्या वर्षी येत नाही.

वक्ते आणि त्यांची तालीम

सर्वांत जास्त मेहनत इथे आहे, आणि सर्वांत कमी वेळ इथेच दिला जातो. विषयातला ज्येष्ठ माणूस चांगला वक्ता असेलच असे नाही. कधी कधी पीएचडी करणारी विद्यार्थिनी, जी स्वतः शेतात नमुने गोळा करते, ती विभागप्रमुखापेक्षा चांगले सांगते. तिला संधी द्या, विभागप्रमुखांना प्रश्नोत्तरांच्या वेळी शेजारी बसवा. दोघांचाही मान राहतो.

वक्त्याला निमंत्रणासोबतच गावातून आलेले मूळ प्रश्न द्या, आणि तीन अटी सांगा. बोलणे पूर्ण लिहून आणायचे. सावकाश बोलताना मिनिटाला 100 शब्द धरले तर 15 मिनिटांना 1500 शब्द, त्याहून एक ओळ जास्त नाही. पडद्यावर आठपेक्षा जास्त चित्रे नाहीत, त्यावरची अक्षरे मराठी आणि शेवटच्या रांगेतून वाचता येतील एवढी मोठी. आणि पहिल्या मिनिटात गावाचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवायचा.

मग दोन तालमी. पहिली कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी. ऐकायला प्राध्यापक बोलवू नका. कार्यालयातला शिपाई, उपाहारगृहात भाकरी करणाऱ्या मावशी, सुरक्षारक्षक, वसतिगृहाची सफाई करणाऱ्या ताई, असे पाच-सहा जण बसवा. त्यांना कामाच्या वेळेतच मोकळीक द्या, ही त्यांची हजेरी समजा. कुठे कळले नाही तिथे त्यांनी हात वर करायचा, बस. वक्ता तिथेच कागदावर खूण करतो.

काय बदलते ते पाहा. समजा पहिल्या खर्ड्यात असे वाक्य आहे: 'भोगावतीच्या पाणलोट क्षेत्रातील अतिवृष्टीमुळे जलाशयाची साठवण क्षमता पूर्ण होऊन स्वयंचलित द्वारांतून होणाऱ्या विसर्गाचा अधोभागातील पूरपातळीवर परिणाम संभवतो.' यातला एकही शब्द चुकीचा नाही, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आता हेच असे सांगा: 'राधानगरी धरण भरले की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी येते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर. मग एका दरवाजातून दर सेकंदाला किती? 40 हजार लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर आठवा: दर सेकंदाला चार टँकर, एका दरवाजातून. असे दरवाजे सात आहेत. हे पाणी भोगावतीतून पंचगंगेला मिळते आणि तिथून राजाराम बंधाऱ्याला येते.' लांबी वाढली, हे खरे. म्हणूनच 15 मिनिटांत एकच मुद्दा सांगता येतो, आणि वक्त्याने बाकीचे चार मुद्दे सोडायची तयारी ठेवावी लागते. प्राध्यापकांना हे जड जाते. त्यांनी वीस वर्षे त्या बारकाव्यांसाठी घालवलेली असतात. त्यांना समजावून सांगा की सोडलेले मुद्दे प्रश्नांतून परत येणारच आहेत.

पारिभाषिक शब्द वापरायला हरकत नाही. क्युसेक, उतारा, एफआरपी हे शब्द लोक रोज वापरतात. फक्त प्रत्येक नवा शब्द आला की त्याच दमात त्याचा अर्थ सांगायचा, आणि असे नवे शब्द एका व्याख्यानात तीनच. बोलीत बोलणाऱ्याने बोलीत बोलावे. ज्याला ती येत नाही त्याने ओढूनताणून 'काय म्हंतासा' करू नये, साधी मराठी पुरते.

दुसरी तालीम आदल्या दिवशी, प्रत्यक्ष सभागृहात, घड्याळ लावून.

सभागृह, माईक आणि प्रश्न

पाचशे खुर्च्यांच्या सभागृहात दोनशे माणसे विखुरलेली बसली की कुणी प्रश्न विचारत नाही. त्यापेक्षा तीनशेचे सभागृह भरू द्या आणि बाहेर मंडपात पडदा लावा. शैक्षणिक संस्थेच्या भोवतीचा 100 मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, म्हणून बाहेर मोठे कर्णे लावू नका. मंडपात छोटे स्पीकर पुरतात, आणि त्यासाठीही लागेल ती परवानगी आधीच घ्या. चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का, स्वच्छतागृह किती लांब आहे, हे स्वतः चालत जाऊन पाहा. जमल्यास सांकेतिक भाषेचा दुभाषी ठेवा आणि तो आहे हे पत्रिकेवर छापा, नाहीतर ज्यांना गरज आहे त्यांना कळणारच नाही.

प्रश्नांसाठी दोन बिनतारी माईक, दोन चपळ स्वयंसेवक आणि सुटे सेल. शिवाय प्रत्येक खुर्चीवर एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल. हात वर करून बोलायला बऱ्याच जणींना संकोच वाटतो, पण चिठ्ठी त्या लिहितात. लिहिता येत नसेल तर स्वयंसेविका शेजारी बसून लिहून घेते. सूत्रसंचालकाने पहिला प्रश्न चिठ्ठीतला घ्यावा, दुसरा बाईचा किंवा मुलाचा. पहिला माईक गावातल्या पुढाऱ्याच्या हाती गेला की प्रश्नाऐवजी भाषण सुरू होते आणि 12 मिनिटे संपतात. प्रत्येक प्रश्न वक्त्याने माईकवर पुन्हा म्हणावा, मागच्यांना तो ऐकू आलेला नसतो. आणि ज्याचे उत्तर येत नाही तिथे 'शोधून कळवतो' म्हणून ती चिठ्ठी वेगळ्या खोक्यात टाकावी.

उद्घाटन आणि सत्कार

हा नाजूक विषय आहे, पण स्पष्ट बोलले पाहिजे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत आणि आभार या क्रमाने गेलो तर दीड तास जातो, आणि तो दीड तास दुधाची धार आटोपून एसटीने आलेल्या माणसाचा असतो. कुलगुरूंनी पाच मिनिटांत स्वागत करावे आणि सव्वादहाला पहिले व्याख्यान सुरू व्हावे. वक्त्यांचा मान जेवणाच्या वेळी एक पुस्तक देऊन करता येतो. लोकप्रतिनिधींना जरूर बोलवा. श्रोते म्हणून पहिल्या रांगेत बसवा, मंचावर नको. हे सगळे कुलगुरूंच्या तोंडून आधीच जाहीर व्हायला हवे, कारण ऐनवेळी सूत्रसंचालकाला कुणाला नाही म्हणता येत नाही.

निरोप गावापर्यंत पोचवणे

वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीत बातमी यावी, पण माणसे आणते ती ओळख. ज्या विद्यार्थ्याने गावातून प्रश्न आणले त्यानेच पत्रिका घेऊन परत जायचे आणि सांगायचे, 'काकू, तुमचा प्रश्न निवडलाय, सव्वाअकराला त्याचं उत्तर आहे, या.' ती काकू एकटी येत नाही, चौघींना घेऊन येते. डेअरीच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर, भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पत्रिका जाऊ द्या. तिच्यावर विद्यापीठात पोचायची केएमटी बस कुठून मिळते, एसटीने आल्यास कुठे उतरायचे, गाडी कुठे लावायची आणि प्रवेश मोफत आहे, हे विषयांपेक्षा वर छापा. बरेच लोक विद्यापीठाच्या फाटकातून कधीच आत गेलेले नसतात. 'आपल्याला आत सोडतील का?' हा प्रश्न त्यांच्या मनात खराखुरा असतो. त्या दिवशी फाटकावर ओळखपत्र विचारायचे नाही, अशी लेखी सूचना सुरक्षा विभागाला द्या.

जेवण, मुले, आवार

जेवण बचत गटाकडून: झुणका-भाकर, ठेचा, ताक, माफक दरात. वक्त्यांनी त्याच पंगतीत बसायचे, वेगळ्या खोलीत नाही. अर्धे खरे प्रश्न तिथे विचारले जातात. लहान मुलांसाठी शेजारच्या वर्गात सूक्ष्मदर्शक, दगडांचे नमुने, चित्रकलेचे साहित्य आणि सांभाळायला चार विद्यार्थिनी असाव्यात; ही सोय असली तरच तरुण आया शांतपणे ऐकू शकतील. जेवणानंतर छोट्या गटांनी आवार दाखवा: वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय, ग्रंथालय, एखादी चालू प्रयोगशाळा, आणि आवारातली तळी, जिथे पावसाचे पाणी अडवून साठवले जाते. पाणीटंचाई सोसणाऱ्या गावच्या सरपंचाला ती तळी दाखवताना घाई करू नका.

पैसा आणि कागद

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. या कार्यक्रमाचा प्रस्ताव त्याच वाटेने न्या, म्हणजे तो एका उत्साही प्राध्यापकाचा खासगी उपक्रम राहत नाही. सभागृह, माणसे, वक्ते घरचेच असल्याने खर्च मुख्यतः मंडप, छपाई, ध्वनिव्यवस्था आणि स्वयंसेवकांच्या जेवणाचा. प्रायोजक घेतल्यास त्याच्या मालाशी संबंध असलेला विषय त्या दिवशी ठेवू नये. खत विकणाऱ्याच्या फलकाखाली क्षारपड जमिनीवर बोललेले कुणी निर्मळ मनाने ऐकत नाही.

कार्यक्रमानंतरचे पंधरा दिवस

व्याख्यानांचे चित्रीकरण करा आणि प्रत्येक विषय वेगळा कापून ठेवा. चार तासांची एकच फीत कुणी पाहत नाही. सापाचे व्याख्यान आशा कार्यकर्तींच्या गटावर, उताऱ्याचे शेतकऱ्यांच्या गटावर, 1902 चे शाळांना, असे नेमके पाठवा.

'शोधून कळवतो' असे सांगितलेल्या चिठ्ठ्यांचे खोके सोमवारीच उघडा. प्रत्येक चिठ्ठीवर गावाचे नाव आणि जबाबदार विभाग लिहा, उत्तरासाठी दहा दिवस द्या. उत्तर एका पानात, मोठ्या अक्षरांत, उत्तर देणाऱ्याच्या सहीसह लिहावे आणि त्याच गावच्या विद्यार्थ्याने ते विचारणाऱ्याच्या हातात द्यावे. एक प्रत डेअरीच्या फळ्यावर लावायची. एकाच गोष्टीबद्दल पाचापेक्षा जास्त चिठ्ठ्या आल्या असतील, तर त्या बाजूला काढून पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीच्या कागदांत जोडून ठेवा.